मामाजींच्या खिशातली माचीस

मला आधी एक सांगा. तुमची माचीस कोणी मागून नेली आणि ती परत आली, असं तुमच्या आयुष्यात कधी झालंय? नाही ना? उसना दिलेला बैल परत येतो, छत्री परत येते, रुसून माहेरी गेलेली बायकोसुद्धा परत येते. माचीस येत नाही. हा जगाचा नियम आहे आणि त्याबद्दल कोणी कोणावर रागावत नाही.

माझी मात्र परत आली होती. आणि अशी थाटात आली, की अख्खं गाव दारामागं, बैलामागं लपून बघत होतं!

काय झालं होतं ते सांगतो, पण हातातला चहा तेवढा संपवा. मागं एकाला हे सांगत होतो तर चहा त्याच्या नाकातून आला आणि दोष मला लागला.

तर मी वर्ध्याला गेलो होतो, सूत कातायला. तो काळच तसा होता, ज्याला बघावं त्याला सूत कातायचं होतं. माझ्या टकळीवर सूत कमी आणि गाठी जास्त निघायला लागल्या, तेव्हा तिथल्या मंडळींनी मला फार प्रेमानं शेजारच्या छपरीत नेऊन सोडलं. तिथं मधमाश्या पाळायला शिकवत. शिकवणारे मास्तर एकदम हळू बोलत. म्हणत, माश्यांमध्ये राहिलं की माणूस हळू बोलायला लागतो. माझं नेमकं उलटं झालं. गावी परतलो तेव्हा माझ्याजवळ एक लाकडी पेटी होती आणि महिनाभराचं ज्ञान होतं. पेटीला झाकण होतं. ज्ञानाला नव्हतं.

आमचं गाव गोंदियाहून फुलचूरच्या अंगाला. चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, आणि बांधावर मोहाची झाडं. माश्यांना काय तोटा? एक मोहळ मी मोहाच्या ढोलीतून काढलं. दुसरं मालगुजाराच्या गोठ्याच्या भिंतीतून. तिसरं स्वतःहून येऊन आमच्या शेजारच्या फागूच्या नांगरावर बसलं, आणि फागू नांगर तिथंच टाकून पळाला म्हणून ते मला मिळालं. सुताराकडून आणखी दोन पेट्या करून घेतल्या. तिन्ही पेट्या ओळीनं घराच्या सपरीत मांडल्या, म्हणजे येणारा-जाणारा जिथं टेकतो तिथंच. लोकांनी पाहावं म्हणून!

लोकांनी पाहिलं. दुरून.

खरं सांगायचं तर तिन्ही पेट्यांचं मिळून काही धड नव्हतं. एकेका पेटीत ओंजळ-दोन ओंजळ माश्या. मध म्हणाल तर बोट बुडवलं की बोट कोरडं निघायचं. पण मी गावभर सांगून ठेवलं होतं, की यंदाच्या दिवाळीला प्रत्येक घरी मधाची वाटी पोचेल.

मध पोचायच्या आधी माशी पोचली. कुठं? तर आमच्या कौतिकाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, नाकाच्या शेंड्यावर. आणि दिवस कोणता? तिच्या धाकट्या बहिणीच्या सगाईचा! नाक असं फुगलं, की नाकातली नथनी आत बुडाली, नुसता मोती तरंगत राहिला. सगाईला जमलेल्या बाया नवरीला सोडून कौतिकालाच बघत बसल्या. नवरदेवाच्या आत्यानं तर विचारलं म्हणे, "हे जन्मापासून आहे का वो?"

ती तिथूनच आमगावला, माहेरी राहिली. मी आणायला गेलो तर दारातच उभी.

"अजी, घरात माश्या राहतीन नाई तं मी राहीन."

"अवो, पन तीन पेट्या आता कोठं नेऊ?"

"ते मले कायले विचारता? वर्ध्याले विचारा. मी अक्तीले बाबासंग येतो. येकच पेटी दिसली पाह्यजे, आन तेबी घरामांगं, बोरीखाली. तीन दिसल्या तं रेंगी तशीच वापस फिरन. मंग मले आनाले येऊ नका."

आता कौतिका ही बोलल्यासारखं करणारी बाई. आपल्या एका भावाबद्दल तिनं एकदा म्हटलं होतं, याच्याशी बोलणार नाही. तो भाऊ म्हातारा होत आला, अजून वाट बघतोय. म्हणजे अक्तीच्या, अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी सपरीत तीन पेट्या दिसल्या, की माझा संसार आटोपला. महिनाभर मी हातानं भात रांधून खात होतो. त्या भातानं भिंत लिंपली असती तर चार पावसाळे टिकली असती.

फागू म्हणाला, "दोन पेट्या सोडून दे ना गा. उडून जातीन आपआपल्या."

"उडून कोठं जातीन? मूठभर माश्या, पहिल्याच झडीत मरतीन. आन दिवाळीले मधाच्या वाट्या का तू भरशील?"

"मंग कौतिकाबाईचं काय गा?"

तेव्हा मला मास्तरांचं वाक्य आठवलं. मोहळं दुबळी असली की ती एकत्र करावीत. दोन-तीन मिळून एक घर. माश्याही जगतात, मधही वाढतो. आणि मी म्हणतो, पेटीही एकच दिसते! म्हणजे एका दगडात तीन पक्षी, आणि तिसरा पक्षी म्हणजे बायको. हे शेवटचं मी फागूलाच सांगितलं होतं. तुम्ही पुढं सांगू नका.

आता मोहळं एकत्र करणं म्हणजे काय, ते थोडक्यात ऐका. गावात आपण उलटं रोज बघतो: एका घराची तीन घरं होतात. तीनाचं एक करायचं तर मोठी कटकट. माश्या एकमेकींना वासावरून ओळखतात. परका वास आला की कापाकापी. म्हणून दोन पेट्यांच्या मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालायचा. दोन्हीकडच्या माश्या कागद कुरतडत बसतात. तेवढ्यात वास मिसळतो, भांडण विसरतं. शिवाय सगळ्यांवर कसलंतरी एकच सुवासिक पाणी शिंपडायचं. म्हणजे कोण आपली, कोण परकी, कळतच नाही.

आणि मुख्य गोष्ट राणीची. घरात राणी एकच हवी. बाकीच्या काढायच्या. कशा काढल्या ते विचारू नका. मास्तरांनी सांगितलं तसं केलं आणि दिवसभर जेवलो नाही. जी राणी ठेवायची, तिलाही एकदम त्या गर्दीत सोडायचं नाही. लहानशा पिंजऱ्यात घालून मध्ये ठेवायचं, चार दासी माश्या सोबतीला. एक-दोन दिवसांत माश्यांना तिची सवय होते, मग सोडायचं. नव्या सुनेला पहिले दोन दिवस आपण चुलीपुढं बसवत नाही, तसंच.

पिंजरा कुठून आणणार? मी माचीस रिकामी केली, सुईनं बारीक भोकं पाडली, आणि ढोलीतल्या मोहळाची राणी दासींसकट आत घातली. ती सगळ्यांत तरणी. माचीस बंडीच्या उजव्या खिशात. काड्यांची दुसरी माचीस डाव्या खिशात. आमच्या गावच्या दुकानात माचीस एकाच जातीची मिळायची, वर हरणाचं चित्र. दोन्ही पेट्यांवर हरीण. तेच तोंड, तीच शिंगं.

उजव्या खिशात राणी, डाव्या खिशात काड्या. मी मनात घोकत होतो.

अक्तीच्या आदल्या दिवशी, ऊन उतरल्यावर आम्ही कामाला लागलो. मालगुजाराच्या दिवाणजीकडून नागपूरचं जुनं वर्तमानपत्र मागून आणलं. सुवासिक पाण्यासाठी अत्तर-गुलाबपाणी कुठलं? मोहाची फुलं रात्रभर भिजवून ठेवली होती, ते पाणी घेतलं. वास असा दरवळत होता, की रस्त्यानं जाणारे दोघंतिघं आत डोकावून, "काय जी, काही आहे का?" असं विचारून गेले. धुरासाठी फागू. तो एकामागून एक बिड्या ओढून माश्यांवर फुंकत होता. बिडी ओढतो म्हणून त्याला आजवर शिव्याच मिळाल्या होत्या. बिडी ओढ म्हणून कोणी कामाला लावलं, असं पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळं तो भारावून गेला होता.

बोरीखाली एक पेटी ठेवली. तिच्यावर कागद, त्यावर दुसरी. त्यावर कागद, त्यावर तिसरी. वर छप्पर एकच. लांबून बघितलं तर एकच पेटी, जरा उंच. मधल्या मजल्यावर राणीची माचीस ठेवली की काम संपलं.

आणि तेवढ्यात रेंगीच्या, त्या हलक्या बैलगाडीच्या, घुंगरांचा आवाज!

मामाजी! माझे सासरे! उद्या सकाळी यायचे, ते आजच!

मामाजींबद्दल सांगायला हवं. गळ्यात कंठी, दारूचा वास जरी आला तरी आंघोळ करणारे. मिशा भरघोस. अंगात बारा महिने काळा कोट, आणि त्या कोटाला खिसे किती, हे त्यांच्या शिंप्यालाच ठाऊक. माणूस सज्जन. व्यसन एकच, बिडी. आणि बिडीपाठचं दुसरं व्यसन, लोकांची माचीस. मागणार, काडी ओढणार, बोलता बोलता माचीस खिशात सोडणार. मुद्दाम नव्हे हो! हाताला सवय. आमगावात ते दुकानासमोर उभे राहिले की दुकानदार माचिशी आत घ्यायचा.

मी धावलो बैल सोडायला. जुवाखाली वाकलो तशा खिशांतल्या दोन्ही माचिशी गवतात पडल्या. उचलल्या, एक इकडं घातली, एक तिकडं घातली, आणि बैल सोडले.

हं. तुमच्या लक्षात आलं. माझ्या नाही आलं.

कौतिका रेंगीतून उतरायला तयार नाही. पदर डोक्यावर, नजर समोर.

"बाबा, तुमी जाऊन पेट्या मोजून या. मंग मी उतरतो."

मामाजी सपरीत आले. सपरी रिकामी. समाधानानं मान हलली. मागं बोरीकडं गेले. थांबले. मान वर केली, खाली केली.

"जवाईबापू, हे येक आहे का तीन आहे?"

"येकच ना जी, मामाजी! छप्पर येक आहे ना? मालगुजाराची माडी दुमजली आहे, म्हनून त्याले आपन दोन घरं म्हनतो का?"

मामाजी विचारात पडले. विचार करायला त्यांना बिडी लागे. बिडी काढली, ओठात धरली.

"माचीस देजा जरा."

मी डाव्या खिशात हात घातला आणि माचीस दिली. आता त्यांनी ती उघडली असती तर हा किस्सा इथंच संपला असता. पण फागू! जन्मात कधी कोणाला उठून पाणी दिलं नाही त्यानं, आणि त्या दिवशी पाहुण्यांपुढं अदब सुचली. त्यानं आपली पेटती बिडी पुढं केली. "घ्या ना जी, कायले काडी जाळता?" मामाजींनी बिडीवर बिडी पेटवली, एक झुरका घेतला, "हो, माडी येकच असते" असं म्हणाले, आणि माझी माचीस कोटाच्या आतल्या कुठल्यातरी खिशात गडप झाली.

फागूनं मला डोळा मारला. "गेली गा तुई माचीस."

"जाऊ दे. सासरा आहे. काड्याच गेल्या, रानी तं आहे!"

मामाजी कौतिकाला आणायला गेले. मी घाईघाईनं उजव्या खिशातली माचीस काढली, कानाशी धरून हलवली. आत खुळखुळ वाजलं.

फागू म्हणाला, "रानी अशी वाजते का गा?"

"रागात आहे. मोठ्या घरची आहे ना!"

"अशी काड्यावानी?"

"वर्ध्याले तू गेला होता का मी?"

माचिशीची भोकं तपासावीत हे त्याला सुचलं असतं, पण मी त्याला सुचू दिलं नाही. मी माचीस मधल्या मजल्यावर ठेवली, सगळं बंद केलं, आणि हात झटकून घरात गेलो.

त्या रात्री महिनाभरानं मला भात भातासारखा लागला. कौतिकानं दोनदा मागच्या दारातून बोरीकडं पाहिलं.

"लयच उंच पेटी आहे वो तुमची."

"येकत्र कुटुंब आहे."

"हूं," म्हणाली. त्या एका 'हूं'मध्ये सगळं होतं: रेंगी अजून दारात आहे, बैल ताजे आहेत, आमगाव काही विलायतेत नाही.

दुसऱ्या दिवशी अक्ती. पितरांना पान वाढायचं, नवा माठ भरायचा, घरात धांदल. कौतिका चुलीपुढं होती. मामाजी आंघोळ करून, खोलीतल्या खुंटीवरचा कोट चढवून मागच्या अंगणात खाटेवर येऊन बसले. मी पितळी पेल्यात चहा आणून दिला.

पहिली माशी त्यांच्या बाहीवर येऊन बसली. मग दोन. मग आठ-दहा.

"जवाईबापू, तुमच्या माश्या माया करून राहिल्या."

"ओळख करून घेऊन राहिल्या, मामाजी. घरातलं मोठं मानूस त्याहिले बरोबर समजते," मी म्हणालो. बरं वाटलं. मागच्या दाराकडं बघत जरा मोठ्यानंच म्हणालो.

मग बोरीच्या बाजूनं एक भणभण उठली. मी वळून बघतो तर पेटीच्या दारातून माश्या नुसत्या सांडत होत्या! तिन्ही मजल्यांचा संसार कागदं फाडून, एक होऊन, बाहेर निघाला होता. मोहळं एकत्र करण्याचं काम अगदी उत्तम झालं होतं, हे मला आजही कबूल करायला हवं. एवढा एकोपा मी माणसांत पाहिला नाही. सगळ्या एकमतानं मामाजींकडं निघाल्या होत्या.

मामाजींच्या छातीवर लिंबाएवढा गोळा झाला. मग नारळाएवढा. खालून दाढीसारखा लोंबायला लागला. मामाजींनी चहाचा पेला धरलेला हात तसाच हवेत ठेवला होता.

"ज... वाई... बापू..." ओठ न हलवता आवाज आला.

"हालू नका, मामाजी! मी वर्ध्याले शिकून आलो!"

"म्हनून... तं... भेव... लागते..."

एव्हाना गल्लीतली माणसं जमायला लागली. कुंपणापलीकडं डोकी दिसायला लागली. माणसं दिसली की मला बोलायचा झटका येतो, हे तुम्हाला माहीतच आहे. मी सगळ्यांना समजावून सांगितलं. म्हटलं, माश्या वासावर चालतात. सगळ्यांचा वास एक, आणि मामाजींचा परका. म्हणून त्यांनी घेरलं. इलाज अगदी सोपा. मामाजींचा वासही तोच करायचा!

काल उरलेलं मोहाचं पाणी तांब्यात होतं. मी ते मामाजींवर शिंपडलं. डोक्यावर, खांद्यावर, मिशांवर.

आणि ज्या थोड्या माश्या अजून पेटीत मागं राहिल्या होत्या, त्याही आल्या.

मामाजींनी डोळे मिटले. गळ्यात कंठी, मिशांतून मोहाचा वास, छातीवर माश्यांची झूल. कुंपणापलीकडून एक म्हातारी म्हणाली, "कंठीवाले बी सकाळी सकाळीच घेऊन राहिले का आता?" मामाजींच्या बंद डोळ्यांतून एक आसू ओघळलं. त्यावरही एक माशी बसली.

तेवढ्यात कौतिका दारात आली. हाताला पीठ. तिनं बापाला पाहिलं, मला पाहिलं, रेंगी उभी होती तिकडं पाहिलं.

ओरडेल असं वाटलं, पण ती ओरडली नाही. सरळ विचारलं, "अजी, या कोनाच्या मांगं असतात?"

"रानीच्या."

"मंग रानी कोठं आहे?"

"पेटीत. मधल्या मजल्यावर. मी सोता ठेवली." आणि मग मला एकदम सुचलं. "अरे! तिले सोडतोच ना आता! रानी बाहेर आली की तिच्या मांगं या साऱ्या जातीन! मामाजी, झालंच तुमचं काम!"

मी बोरीखाली गेलो. वरचा मजला उतरवला. माचीस घेऊन अंगणाच्या मधोमध येऊन उभा राहिलो. गाव बघत होतं. अशी संधी माणसाला एकदाच मिळते. मी माचीस उंच धरली आणि म्हणालो, "पाहा आता! या माचिशीतून जी निंगन, तिच्या मांगं तिन्ही मोहळं चालतीन!"

आणि उघडली.

काड्या पडल्या. सगळ्या. गुलालासारख्या माझ्याच डोक्यावर.

मग फागूचा आवाज आला, "मी काल म्हनून राहिलो होतो!"

कौतिकानं खाली पडलेल्या काड्यांकडं पाहिलं. "अजी, रानी माचिशीत ठेवली होती?"

"हो."

"आन काल बाबानं तुम्हाले माचीस मांगली होती?"

सगळं गाव मामाजींकडं वळलं. मामाजींनी एक डोळा उघडला आणि परत मिटला.

कौतिकानं हाताचं पीठ झटकलं. पदर तोंडावर ओढला. संथपणे, जशी म्हशीखाली बसते तशी बापापुढं बसली, आणि माश्यांच्या त्या झुलीत हळूच हात घातला. एकही माशी तिला चावली नाही. बोटांनी वाट काढत तिनं पहिल्या खिशातून माचीस काढली, कानाशी धरली. खुळखुळ. खाटेवर ठेवली. दुसऱ्या खिशातून दुसरी. खुळखुळ. तिसरी. खुळखुळ. खिसे संपेनात, माचिशी संपेनात!

कुंपणावरून आवाज यायला लागले.

"अरे, ते माई होय! पोळ्यापासून शोधून राहिलो मी!"

"मामाजी, ते दबलेली माचीस, स्टेशनावर घेतली होती का जी तुमी?"

"माया घरची बी दिसून राहिली त्यात!"

मामाजींना हलता येत नव्हतं, पळता येत नव्हतं, नाही म्हणता येत नव्हतं. माश्यांनी जसं बांधून ठेवलं होतं, तसं गोंदियाच्या पोलिसांनाही जमलं नसतं.

शेवटी अगदी आतल्या, छातीच्या खिशातून तिनं एक माचीस काढली. कानाशी धरली. खुळखुळ नाही. ती तशीच ऐकत राहिली. आत बारीक गुणगुण चालली होती म्हणे.

ती उठली. माचीस उघड्या तळहातावर घेऊन अंगणातून चालत निघाली, आणि मामाजींच्या छातीवरची झूल सुटून तिच्या मागं निघाली. हातावर, मनगटावर, पदरावर माश्या. गर्दीनं वाट दिली. कोणी दारामागं, कोणी बैलामागं, फागू तर खाटेखाली. बोरीखाली जाऊन तिनं मधल्या मजल्यावर माचीस ठेवली आणि बाजूला उभी राहिली. पोत्यात धान ओतावं तशा माश्या पेटीत उतरल्या.

त्या सबंध गोंधळात माशी चावली फक्त एका माणसाला. मी वरचं छप्पर ठेवायला पुढं झालो होतो. आणि कुठं चावली? नाकाच्या शेंड्यावर.

कौतिकानं माझं नाक निरखून पाहिलं. माहेरी गेल्यापासून पहिल्यांदाच ती हसली.

"नथनी देऊ का?" म्हणाली.

संसार वाचला, हे मला तिथंच कळलं. रेंगी दुपारी परत गेली, पण रिकामी. म्हणजे मामाजी होते, पण त्यांचे खिसे रिकामे होते. त्या दिवसापासून त्यांनी बिडी सोडली आणि तंबाखू धरली. तंबाखूला माचीस लागत नाही.

पेटी कौतिकानं आपल्या ताब्यात घेतली. पावसाळाभर माश्या वाढल्या, आणि दिवाळीला घरोघरी मधाची वाटी खरंच गेली. लोक म्हणाले, कौतिकाबाईचा मध. मी दुरुस्त करायला गेलो, पण कोणी थांबून ऐकलं नाही. थंडी पडली तशी पेटीला वारा लागतो म्हणून तिनं ती परत सपरीत आणली, मान देऊन. मग सपरीत जागा उरली नाही, म्हणून माझी खाट घरामागं गेली. बोरीखाली.

बघा, बोलता बोलता तुमची बिडी विझली. काडी हवी ना? ही घ्या माझी माचीस. घ्या हो! संकोच कसला? अरे, उघडून तरी बघा, काड्याच आहेत! कानाला कशाला लावता?

पाहिलंत? इतकी वर्षं झाली, या जिल्ह्यात माझ्याच एकट्याची माचीस कोणी मागून नेत नाही.